तुटपुंज्या पैशांतला पहिला चित्रपट आणि चित्रपटव्यवसायातील प्रवेश

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी सांभाळून दोन लघुपट केले, ११० पानांची पटकथा लिहून तयार आहे, काही वर्षांची बचत हाताशी आहे आणि या व्यवसायात ओळखीचे कोणीही नाही, अशा वेळी आधी एखाद्या नामवंत दिग्दर्शकाकडे सहायक म्हणून राहावे, पटकथा घेऊन निर्मात्यांचे उंबरठे झिजवावेत, की बचतीतून स्वतःच चित्रपट काढावा, आणि त्यासाठी नोकरी सोडावी का? माझे उत्तर तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. चित्रपट अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत, म्हणजे तो परक्या माणसाला विकता येईल अशा अवस्थेपर्यंत, पूर्ण करता येईल याचा हिशेब पहिला शॉट घेण्यापूर्वी कागदावर मांडलेला असला पाहिजे. हा हिशेब जुळत नसेल तर पटकथा बदलावी, आणि तरीही जुळत नसेल तर थांबावे.

ही अट मी अनुभवातून घालतो आहे. गेली बावीस वर्षे मी कमी खर्चाच्या चित्रपटांवर काम करतो. सुरुवात ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरण्यापासून झाली, पुढे सहायक दिग्दर्शक झालो आणि मग स्वतः दिग्दर्शन करू लागलो. माझा पहिला चित्रपट कोणीही पाहिलेला नाही, कारण तो रफ कटच्या, म्हणजे पहिल्या कच्च्या जोडणीच्या, पुढे गेलाच नाही. चित्रीकरण एकोणीस दिवस चालले, सगळे पैसे त्यातच संपले, आणि संकलकाने मोफत दिलेले दोन महिने उलटल्यावर त्याला दुसरे काम घ्यावे लागले. या क्षेत्रात मी असे अपुरे राहिलेले चित्रपट फसलेल्या चित्रपटांपेक्षा कितीतरी जास्त पाहिले आहेत. फसलेला पण पूर्ण झालेला चित्रपट महोत्सवाला पाठवता येतो, निर्मात्यासमोर ठेवता येतो, त्यातला एखादा चांगला प्रसंग दाखवून पुढचे काम मागता येते. अपुऱ्या चित्रपटाचे काहीच करता येत नाही, आणि त्यासाठी राबलेल्या तीसएक माणसांना पुन्हा हाक मारण्याचे धैर्यही उरत नाही.

सहायक म्हणून काम करण्याविषयी थोडक्यात सांगतो. एखाद-दोन चित्रपटांवर अवश्य करा. कॉल शीट, म्हणजे दिवसाच्या कामाचा तक्ता, कशी तयार होते, सकाळी सातची शिफ्ट असताना पहिला शॉट साडेनऊला का लागतो, कलाकार तयार आहे पण प्रकाशयोजना झालेली नाही अशा वेळी युनिटला कसे सांभाळायचे, हे पुस्तकातून समजत नाही. परंतु सहायक म्हणून वर्षे काढली की दिग्दर्शनाची संधी आपोआप मिळते, हा समज खरा नाही. उत्तम सहायक म्हणून नाव झाले की लोक सहायकाच्याच कामासाठी बोलावतात. निर्मात्यांच्या बाबतीतही असेच आहे. पूर्ण लांबीचा एकही चित्रपट न केलेल्या अनोळखी माणसाची पटकथा बहुधा वाचलीच जात नाही. तो दोष कोणाचा नाही. वाचायला वेळ थोडा असतो आणि ढीग मोठा असतो.

आता आपल्या ११० पानांकडे येऊ, कारण खर्चाचा निर्णय तिथेच होतो. प्रचलित मांडणीतले पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ठोकताळा आहे. चौदा दिवसांचे चित्रीकरण परवडत असेल तर ११० पानांसाठी रोज जवळजवळ आठ पाने घ्यावी लागतील. लहान पण सरावलेले युनिट बारा तासांत पाच पाने नीट घेते. सहा घेतली तर तो चांगला दिवस समजावा. आठ पानांच्या वेगात पहिली काट पडते ती अभिनयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या टेकवर, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप आहे नेमकी त्यावरच. त्यामुळे पटकथा ८० ते ८५ पानांवर आणा. पंच्याऐंशी मिनिटांचा चित्रपट कोणालाही लहान वाटत नाही. अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीच्या नियमांत तर ४० मिनिटांहून अधिक लांबीचा चित्रपट पूर्ण लांबीचा धरला जातो.

पानांइतकाच महत्त्वाचा आकडा लोकेशनचा आहे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी युनिट हलवायचे म्हणजे सामान आवरणे, गाड्यांत भरणे, प्रवास, उतरवणे आणि पुन्हा प्रकाशयोजना. यात तीन तास सहज जातात आणि त्या तीन तासांत कॅमेरा बंद असतो. आपल्या पटकथेत सतरा ठिकाणे आहेत असे आपण लिहिले आहे. ती पाचावर येतात का ते पाहा. उपाहारगृहातले संभाषण घराच्या गच्चीवर झाले तर काय बिघडते, पोलीस ठाण्यातला प्रसंग पात्र परत आल्यावर दाराशीच कळला तर चालेल का, असे प्रत्येक प्रसंगाला विचारा. असे विचारल्यावर काही प्रसंग पहिल्यापेक्षा चांगले होतात, हे मी वारंवार पाहिले आहे. रात्रीची बाह्य दृश्ये, पाऊस, गर्दी, चालती वाहने, लहान मुले आणि प्राणी यांपैकी जे कथेचा कणा नाही ते काढून टाका.

ज्यांनी अगदी कमी पैशांत चित्रपट केले आणि ते जगापुढे आणले, त्यांनी अडचणीला कथेतच जागा दिली. केविन स्मिथ यांचा ‘क्लर्क्स’ हा १९९४चा चित्रपट सुमारे २७,५०० डॉलरमध्ये झाला. ते ज्या दुकानात नोकरी करत होते त्याच दुकानात तो चित्रित झाला. दुकान दिवसा चालू असल्याने चित्रीकरण रात्री करावे लागे, पण कथा दिवसा घडणारी होती. तेव्हा त्यांनी पटकथेतच लिहून टाकले की कोणीतरी कुलपात च्युइंगगम घातल्यामुळे दुकानाचे शटर उघडतच नाही. बाहेरचा अंधार दिसण्याचा प्रश्न एका वाक्यात सुटला आणि त्या वाक्याने दुकानदाराचा वैतागही उभा केला. ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ स्वतःच्या घरात सात दिवसांत सुमारे १५,००० डॉलरमध्ये चित्रित केला. कॅमेरा पात्रांचाच असल्यामुळे साध्या प्रकाशातले, तिपाईवर स्थिर ठेवलेले चित्रण प्रेक्षकाला उणे वाटत नाही. पटकथेच्या पुढच्या खर्ड्याआधी एक यादी करा: कोणते घर, कोणते कार्यालय, कोणता रस्ता, कोणते वाहन, कोणते चांगले नट आपल्याला खात्रीने मिळू शकतात. मग त्या यादीतूनच लिहा.

पैशांविषयी बोलताना असे प्रसिद्ध आकडे जपून वापरावेत. रॉबर्ट रॉड्रिगेझ यांचा ‘एल मारियाची’ (१९९२) सात हजार डॉलरच्या चित्रपटाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो आणि तो आकडा चित्रीकरणापुरता खराही आहे. चाकांच्या खुर्चीवर कॅमेरा ठेवून त्यांनी ट्रॉलीचे काम भागवले होते. परंतु कोलंबिया पिक्चर्सने तो विकत घेतल्यावर चित्रगृहांत लावण्यायोग्य प्रत आणि ध्वनी तयार करण्यासाठी त्याच्या कितीतरी पट खर्च केला. म्हणजे आपण चित्रगृहात पाहतो तो चित्रपट सात हजारांचा नव्हता. आपल्यासाठी तो खर्च करायला कोणी मोठी कंपनी येईल असे धरून चालता येत नाही.

माझी पद्धत अशी आहे की एकूण रकमेतील निम्मीच रक्कम तयारी आणि चित्रीकरणासाठी ठेवायची. साधारण तीस टक्के संकलन, ध्वनी, संगीत आणि रंगसंस्कार यांसाठी, दहा टक्के अडचणींसाठी आणि उरलेले दहा टक्के महोत्सवांचे शुल्क, सबटायटल, डीसीपी (चित्रगृहात दाखवायची डिजिटल प्रत), पोस्टर आणि कायदेशीर कागदांसाठी. ही दुसरी निम्मी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि शक्य असेल तर त्या खात्यावर आपल्याबरोबर दुसऱ्या एका शांत डोक्याच्या माणसाची सही लागेल असे करा. चित्रीकरणाच्या अकराव्या दिवशी, एक जादा दिवस मिळाला तर चित्रपट कुठल्या कुठे जाईल असे मनापासून वाटत असते, आणि तेव्हा दिग्दर्शकाला त्या पैशांपासून दूर ठेवणारा कोणीतरी हवा.

कॅमेऱ्याची चिंता सर्वांत शेवटी करा. आज भाड्याने मिळणारा कोणताही बरा कॅमेरा मोठ्या पडद्याला पुरतो. शॉन बेकर यांचा ‘टँजरिन’ (२०१५) आयफोन ५एस वर चित्रित झाला, हे सांगून अनेक जण मोबाइल घेऊन बाहेर पडतात. पण त्या फोनवर रुंद चित्र घेणारे भिंग, म्हणजे खास अ‍ॅनामॉर्फिक अ‍ॅडाप्टर बसवलेले होते, आवाज फोनवर न घेता व्यावसायिक साधनांनी स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केलेला होता, आणि तो बेकर यांचा पाचवा पूर्ण लांबीचा चित्रपट होता. या तीन गोष्टींपैकी मधली मी विशेष अधोरेखित करतो.

प्रेक्षक थोडे धूसर चित्र खपवून घेतो. काही वेळा तीच शैली समजतो. ऐकू न येणारा संवाद मात्र तो दोन मिनिटेही सहन करत नाही, आणि महोत्सवाच्या निवड समितीत दिवसाला सहा-सात चित्रपट पाहणारा माणूस तर नाहीच. म्हणून पैसे देऊन घ्यायचा पहिला तंत्रज्ञ ध्वनिमुद्रक असावा. लोकेशन निवडायला जाताना त्याला बरोबर न्या आणि ज्या वेळेला चित्रीकरण करायचे त्याच वेळेला जा, कारण सकाळी शांत असलेल्या गल्लीत दुपारी शाळा सुटते. बूम चौकटीच्या कडेला लागेल इतका जवळ आणा. कपड्यात लपवलेला लेपल माइक हा त्याच्या जोडीला असावा, त्याच्याऐवजी नव्हे. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाचा घ्या. आणि प्रत्येक लोकेशन सोडण्यापूर्वी सर्वांना जागच्या जागी थांबवून एक मिनिट रूम टोन, म्हणजे त्या खोलीची रिकामी शांतता, मुद्रित करा. संकलनात दोन शॉट जोडताना मधली फट भरायला तीच लागते आणि ती नंतर कुठूनही आणता येत नाही.

एक प्रसंग सांगतो. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी एका स्वयंपाकघरात आई आणि मुलगा यांच्यातला सहा पानांचा प्रसंग होता. फ्रिजची घरघर ऐकू येत होती म्हणून ध्वनिमुद्रकाने तो बंद करायला सांगितला, आणि लगेच त्याने माझ्या गाडीची किल्ली मागितली. मला कळेना. त्याने ती किल्ली फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवली आणि दार लावले. रात्री दहा वाजता सामान आवरून, घरमालकांचे आभार मानून मी गाडीपाशी आलो तेव्हा खिशात किल्ली नव्हती. परत आत गेलो, फ्रिज उघडला, आणि तो अजून बंद आहे हे तेव्हा लक्षात आले. ही या व्यवसायातली जुनी युक्ती आहे. ज्या कुटुंबाने विश्वासाने घर दिले त्यांचे अन्न सकाळपर्यंत नासले असते आणि पुढचे तीन दिवस त्या घरात पाऊल ठेवायला तोंड राहिले नसते. असे खबरदार लोक ज्या युनिटमध्ये असतात ते चित्रपट पूर्ण होतात, असा माझा विश्वास आहे.

युनिट लहान ठेवा, दहा-बारा जणांचे, परंतु जे येतील त्यांना काहीतरी मानधन द्या, वेळेवर जेवण द्या आणि बारा तासांनंतर घरी पाठवा. दोन दिवसांच्या कामांमध्ये निदान दहा तासांची विश्रांती हवी. झोप न झालेला माणूस गाडी चालवतो तेव्हा चित्रपट महत्त्वाचा राहत नाही. नफ्यातल्या टक्केवारीची तोंडी आश्वासने देऊ नयेत. पैसे नंतर द्यायचे ठरले असेल तर किती, केव्हा आणि कोणत्या उत्पन्नातून, हे लिहून सही करा.

माहिती साठवण्याबद्दलचा नियम सर्वांना माहीत असतो आणि तरीही मोडला जातो. प्रतिसेकंद १०० मेगाबिटच्या चित्रणाला तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. यावरून हार्ड डिस्कचा खर्च आधीच काढता येतो. प्रत्येक कार्डाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर आणि त्यांपैकी निदान एक वेगळ्या इमारतीत रात्री मुक्कामाला गेलेली असावी. प्रत उघडून, पडताळून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही, आणि कार्ड पुसण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा.

आता कागदपत्रे. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण व्यवसायात शिरण्याचा दरवाजा प्रत्यक्षात इथेच उघडतो किंवा बंद होतो. वितरक, विक्री प्रतिनिधी (निर्मात्याच्या वतीने चित्रपट विकणारा) किंवा ओटीटी मंच यांना चित्रपट आवडला की त्यांचा पुढचा प्रश्न असतो: हक्कांची साखळी पूर्ण आहे का? पटकथालेखकाने हक्क निर्मितीसंस्थेला लेखी दिले आहेत का, प्रत्येक कलाकाराने, संगीतकाराने, संकलकाने करारावर सही केली आहे का, लोकेशनच्या मालकांची परवानगी आहे का, भिंतीवर दिसणारे चित्र कोणाचे आहे? माझ्या तिसऱ्या चित्रपटाला परदेशातल्या एका वितरकाने होकार दिला होता. दोनच प्रसंगांत असलेल्या एका नटाचा करार आमच्याकडे नव्हता. त्या दिवशी घाईत राहून गेला होता आणि नंतर तो देश सोडून गेला. त्याला शोधून सही मिळवेपर्यंत अकरा आठवडे गेले, तोवर त्या वितरकाचे वर्षाचे वेळापत्रक भरले. तेव्हापासून मी सही झाल्याशिवाय कलाकाराला मेकअपच्या खुर्चीत बसू देत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

संगीताबाबत तर अधिकच जपावे. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक मूळ रचनेचा आणि दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा; दोन्ही घ्यावे लागतात आणि ते बहुधा वेगवेगळ्या लोकांकडे असतात. चार्ल्स बर्नेट यांनी ‘किलर ऑफ शीप’ हा चित्रपट विद्यापीठातील प्रबंध म्हणून १९७७मध्ये पूर्ण केला. त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नसल्याने तो रीतसर चित्रगृहांत यायला २००७ साल उजाडले. दरम्यान १९९०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्यायोग्य म्हणून त्याची निवडही झाली होती, पण तिकीट काढून तो पाहता येत नव्हता. आपण संकलन करताना तात्पुरते म्हणून एखादे प्रसिद्ध गाणे लावाल आणि दोन महिन्यांनी त्या गाण्याशिवाय प्रसंग फिका वाटू लागेल. पहिल्या दिवसापासूनच ते टाळा. नव्या संगीतकाराला पटकथा चित्रीकरणापूर्वीच द्या आणि त्याच्याशी सर्व माध्यमांसाठी, सर्व देशांसाठी, कायमस्वरूपी असा करार करा. फक्त महोत्सवांपुरता घेतलेला परवाना पुढे विक्रीच्या वेळी नडतो.

संकलनासाठी शक्यतो दुसरी व्यक्ती घ्या. एखादा शॉट मिळवायला किती कष्ट पडले हे तिला माहीत नसते, आणि तेच उपयोगी पडते. रफ कट तयार झाल्यावर आपल्याला न ओळखणाऱ्या आठ-दहा लोकांना एकत्र बसवून दाखवा आणि स्वतः पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहा. हात मोबाइलकडे गेला, कोणी पाय बदलले, की त्या मिनिटाची नोंद करा. त्यांनी सुचवलेले उपाय घेतलेच पाहिजेत असे नाही, पण त्यांचे लक्ष कुठे सुटले हे ते लपवू शकत नाहीत.

चित्रपट लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन पक्के झाल्यावर, महोत्सव येतात. येथे आकड्यांची जाणीव ठेवावी: अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला अलीकडच्या वर्षांत पूर्ण लांबीच्या चार हजारांहून अधिक प्रवेशिका येतात आणि निवड शंभराच्या आत होते. नकार आला म्हणजे चित्रपट वाईट आहे असे त्यावरून ठरत नाही. मोठ्या महोत्सवांच्या मुख्य विभागांना चित्रपट आधी कुठे दाखवलेला नको असतो, त्यामुळे क्रम ठरवूनच प्रवेशिका पाठवा. आधी दोन-तीन मोठे, मग आपल्या विषयाला आणि आकाराला साजेसे दहा-बारा. शंभर ठिकाणी शुल्क भरत बसू नका, आणि शुल्कमाफीसाठी नम्रपणे पत्र लिहा, ती पुष्कळदा मिळते. अर्धवट ध्वनीची प्रत घाईने पाठवू नये. त्या समितीसमोर दुसरी संधी क्वचितच मिळते. यूट्यूबवर तर चित्रपट मुळीच टाकू नका. आणि एक गोष्ट जी जवळजवळ प्रत्येक पहिल्या चित्रपटात राहून जाते ती म्हणजे छायाचित्रे. चित्रीकरणाच्या निदान दोन दिवशी चांगला स्थिरछायाचित्रकार बोलवा. महोत्सवाच्या माहितीपुस्तिकेत, वर्तमानपत्रात, पोस्टरवर सर्वत्र तीच लागतात, आणि चित्रपटातून काढलेली चौकट तिथे कमी पडते.

विक्री प्रतिनिधी मिळाला तर आनंदाच्या भरात सही करू नये. करार किती वर्षांचा, कोणत्या प्रदेशांचा, प्रसिद्धीचा खर्च म्हणून ते आपल्या उत्पन्नातून जास्तीत जास्त किती कापू शकतात, हिशेब दर किती महिन्यांनी देणार आणि करार संपल्यावर हक्क आपोआप परत येतात का, हे पाच मुद्दे वाचल्याशिवाय पेन उचलू नका. खर्चाला कमाल मर्यादा नसेल तर चित्रपट विकला जाऊनही निर्मात्याच्या हाती काहीच येत नाही. एक दिवस वकिलाला दिलेले पैसे इथे वसूल होतात.

पहिल्या चित्रपटातून पैसे परत मिळतील असे मी आपल्याला सांगू शकत नाही. बुडाली तरी घर चालेल इतकीच रक्कम घाला, आणि घर गहाण ठेवू नका. चित्रपटाने मिळते ती निर्मात्याची भेट. प्रदर्शनानंतर कोणी निर्माता येऊन हात मिळवतो आणि विचारतो की पुढे काय करता आहात. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहून झालेली दुसरी पटकथा पिशवीत असली पाहिजे. ‘विचार चालू आहे’ असे सांगितले की ती भेट तिथेच संपते. आपल्या दोन लघुपटांचा उपयोगही असाच करता येईल. डेमियन शॅझेल यांनी ‘व्हिपलॅश’च्या पूर्ण पटकथेतला एक प्रसंग घेऊन लघुपट केला, २०१३मध्ये त्याला सनडान्सचा लघुपट विभागातील परीक्षक पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी पूर्ण चित्रपट तिथे दाखवला गेला. आपला दुसरा चित्रपट मोठा असणार असेल, तर त्यातला एक प्रसंग दहा मिनिटांत करून ठेवणे हे पन्नास पानी प्रस्तावापेक्षा अधिक बोलके ठरते.

शेवटी नोकरीचा प्रश्न आपण विचारला आहे. सोडू नका. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चे काम जाहिरात कंपनीतली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी सुरू केले, पैसे संपल्याने काम अनेकदा थांबले आणि पुढे पश्चिम बंगाल सरकारच्या मदतीने १९५५मध्ये ते पूर्ण झाले. काशफुलांच्या शेतातला पहिल्या दिवसाचा प्रसंग पुढच्या रविवारी पुरा करायला ते गेले तेव्हा गुरांनी ती फुले खाऊन टाकली होती, आणि ती पुन्हा फुलेपर्यंत थांबावे लागले. अपूचे काम करणाऱ्या मुलाचा आवाज त्या काळात फुटला नाही आणि दुर्गाचे काम करणारी मुलगी मोठी दिसू लागली नाही, हे रायांना स्वतःलाच चमत्कारासारखे वाटत असे. उलट क्रिस्तोफर नोलन यांनी ‘फॉलोइंग’ (१९९८) वर्षभर केवळ शनिवारी चित्रित केला, कारण सगळेच नोकरी करणारे होते. मात्र त्यासाठी त्यांनी नाटकासारख्या तालमी घेतल्या, म्हणजे एक-दोन टेकमध्ये काम व्हावे आणि फिल्म वाया जाऊ नये. त्यामुळे या आठवड्यात आपल्या वरिष्ठांना सलग सोळा दिवसांची रजा मिळेल का ते विचारा. मिळणार असेल तर पाच ठिकाणांची, पंच्याऐंशी पानांची पटकथा त्या सोळा दिवसांत बसवा, चौदा चित्रीकरणाचे आणि दोन विश्रांतीचे. मिळणार नसेल तर शनिवार-रविवारची पद्धत धरा, पण मग पटकथेतला आठ वर्षांचा मुलगा काढून तिथे मोठे पात्र आणावे लागेल, ऋतू दाखवणारी बाह्य दृश्ये पहिल्या दोन महिन्यांत उरकावी लागतील, आणि प्रत्येक नटाकडून वर्षभर केस व दाढी एकाच प्रकारे ठेवण्याची अट करारात लिहून घ्यावी लागेल.